सात पट्ट्या

माझ्या लेथवरून उतरलेल्या वस्तूचं माप चुकत नाही. वर्कशॉपात मला वीस वर्षं झाली. तिथे सगळे मला ‘मायक्रो’ म्हणतात, मायक्रोमीटरमधला मायक्रो. नाव चेष्टेने ठेवलेलं आहे, पण मी ते पदकासारखं मिरवते. केसाएवढ्या फरकावरून मी माणसांशी भांडले आहे, एका फोरमनशी तर दोन वर्षं अबोला धरला होता. म्हणून त्या शनिवारी जे झालं ते मीच सांगितलेलं बरं. नाहीतर आमचा वेल्डर तिखटमीठ लावून सांगत सुटेल, आणि त्याच्या सांगण्यात मी नेहमी आहे त्यापेक्षा जास्त ओरडत असते.

आमचं घर वरच्या मजल्यावर. खाली दुसऱ्याचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम आहे. वर यायला सतरा पायऱ्यांचा जिना, अरुंद आणि मध्येच काटकोनात वळणारा. आमचं कपाट चढवताना त्या वळणावर अर्धा दिवस अडकून बसलं होतं. आठ महिन्यांपूर्वी बाबा बाथरूममध्ये घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून ते घरात फिरायलाही लागले, पण जिना कायमचा बंद झाला. ज्या माणसाने छत्तीस वर्षं लोकांच्या लिफ्ट बसवल्या, तो एका मजल्यावर अडकून पडला. बाबा त्यावर एकदाच बोलले होते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं कशी दिसतात ते माहीत होतं, म्हणाले, कसं वाटतं ते आता कळलं.

मग धाकट्या काकांचा फोन आला. त्यांचं घर दुसऱ्या शहरात, तळमजल्यावर. दार उघडलं की रस्ता. दादाला मी घेऊन जातो, ते म्हणाले. बाबा लगेच ‘बरं’ म्हणाले. ते इतक्या लगेच म्हणाले याचाच मला राग आला. मी चार दिवस भांडी आपटली. पाचव्या दिवशी बाबांची भरलेली बॅग दाराजवळ दिसली, तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सांगितलं की मला महिनाभर द्या. मागच्या गॅलरीतून खाली उतरणारी लिफ्ट मी बनवते. एका माणसाची. विजेशिवाय चालणारी, तुमची तुम्हीच दोर ओढून चालवाल अशी.

"लिफ्ट म्हणजे खेळणं नाही," बाबा म्हणाले.

पण त्यांनी नाही म्हटलं नाही, अट घातली. ते स्वतः तपासणार, आणि सांगतील ते मी तोंड न उघडता बदलायचं. महिन्यानंतरच्या रविवारी काका गाडी घेऊन येतील. त्याच्या आत लिफ्टने त्यांना एकदा खाली नेऊन परत वर आणलं तर ते राहतील. नाही आणलं तर बॅग उचलायची, आणि मग मी एक शब्दही बोलायचा नाही. मी कबूल केलं. तोंड न उघडण्याचा भाग सोडला तर मला सगळं जमण्यासारखं होतं.

या लिफ्टमध्ये गुंतागुंतीचं काही नाही. दोराच्या एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनांची पेटी, आणि वर एक मोठं चाक. खुर्ची खाली आली की पेटी वर जाते. खुर्ची आणि तिच्यात बसलेला माणूस यांच्याइतकंच वजन पेटीत घातलं की दोन्ही बाजू तोलून राहतात, आणि थकलेला हातसुद्धा बाजूचा दोर ओढून स्वतःला खालीवर नेऊ शकतो. हँडल ओढून धरलं तरच ब्रेक सुटतो, हात काढला की पुन्हा बसतो. सगळी मेख त्या तोलात आहे.

म्हणून मी सगळं वजन केलं. खुर्ची, गादी, पट्टा, नटबोल्ट, सगळं. रंगाचा डबा रंगवण्याआधी आणि नंतर काट्यावर ठेवून खुर्चीला किती ग्रॅम रंग लागला तेही काढलं. पेटीत घालायच्या लोखंडी पट्ट्या मी स्वतः कापल्या, एकेक बरोबर दोन किलोची, आणि प्रत्येकीवर ठसा मारला. वेल्डर म्हणाला की बाबांनाही एकदा काट्यावर उभं करू या.

"बहात्तर किलो," मी म्हटलं. "हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलंय. माझ्या बापाचं वजन तू मला विचारणार?"

त्याने दोन्ही हात वर केले आणि कामाला लागला.

काका येणार त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी साडेसहाला तिघंही मदतीला हजर झाले. वेल्डर माझ्याच वर्कशॉपातला. त्याच्या भुवया ठिणग्यांनी कधीच्याच जाळून टाकल्या आहेत, त्यामुळे तो सतत आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो. क्रेनवाला त्याचा मेहुणा. त्याचं आयुष्य उंच केबिनमध्ये बसून खालच्या माणसाच्या हाताच्या खुणा बघण्यात गेलं, म्हणून घरीदारीही तो तोंडापेक्षा हातानेच जास्त बोलतो. मूठ म्हणजे थांब. अंगठा खाली म्हणजे सोड. बोट गरागरा फिरवलं म्हणजे चहा. आणि तिसरी गादीवाली, माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती गाड्यांच्या सीट शिवते. खुर्चीची गादी आणि कमरेचा पट्टा तिने केला होता. शिवाय ती दुपारचं जेवण डब्यातून आणणार होती, कारण माझ्या हातचं दिवसातून एकदाच खायचं असा त्या तिघांनी आपसांत ठराव केला होता.

ते एकदा म्हणजे नाश्ता. चहा, पाव आणि उकडलेली अंडी. अंडी उकडताना फुटली आणि पाण्यात त्यांच्या चिंध्या झाल्या. वेल्डरने विचारलं की ही अंडी लेथवर सोलली का. बाबांनी एक अंडं खाल्लं, दुसरं क्रेनवाल्याच्या ताटलीत सरकवलं आणि पोट भरलं म्हणाले. हल्ली त्यांचं हे रोजचं झालं होतं. अर्धं खायचं, अर्धं बाजूला सारायचं आणि पोट भरलं म्हणायचं. मी बरेच दिवस ते मनाला लावून घेतलं होतं. मला स्वयंपाक येत नाही हे मला माहीत आहे, पण ते रोज ताटातून सांगायची काय गरज, असं मला वाटायचं.

नाश्ता झाल्यावर बाबा गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसले. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात दाढीचा आरसा, मांडीवर लेव्हलची पट्टी. आरशातून ते भिंतीकडची, त्यांना वाकून बघता न येणारी बाजू बघत. आम्ही भिंतीला दोन उभे लोखंडी रूळ बसवायला घेतले. पहिल्या रुळाचे बोल्ट आवळून झाल्यावर त्यांनी लेव्हल मागितली, क्रेनवाल्याने ती रुळाला टेकवून धरली, आणि बाबा आरशात बघत म्हणाले की वरचं टोक एक सूत बाहेर आहे. मी म्हटलं नाही. मी मोजलं. एक सूत बाहेर होतं. बोल्ट सैल करताना मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही, पण वेल्डरचं हसू मला पाठीवरही कळत होतं.

अकरापर्यंत दोन्ही रूळ उभे राहिले, वरचं चाक बसलं, खुर्ची रुळांत सरकली. त्या चाकाचा आस मी तीन वेळा पुन्हा केला होता. बाबांनी चाक हाताने फिरवून सोडलं. ते फिरत राहिलं. बराच वेळ काहीच आवाज न करता फिरत राहिलं, आणि बाबा ते थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत होते. बाबांकडून शाबासकी मिळत नाही, मिळतं ते ‘चालेल’. मी शाळेत पहिली आले तेव्हा चालेल. लेथवर नोकरी लागली, ते काम बायका करत नाहीत असं सगळे म्हणत होते, तेव्हाही चालेल. नोकरीत असताना एखादी लिफ्ट पास केली की ते चौकटीच्या आतल्या बाजूला खडूने तिचा भार लिहीत आणि खाली आपली सही करत. लहानपणी मी त्यांच्याबरोबर कुठे गेले की लिफ्टमध्ये आधी ती सही शोधायचे. सापडली की आजूबाजूच्या माणसांना सांगायचे, ही माझ्या बाबांची लिफ्ट आहे, घाबरू नका.

"खाली काय आहे?" त्यांनी विचारलं.

खाली काय असणार, फरशी. मग खुर्ची जोरात आली तर फरशीवर आदळेल की नाही, ते म्हणाले. मी ओठ चावले. वेल्डर कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून एक जुना टायर घेऊन आला, आणि तो फरशीवर आडवा ठेवला तेव्हा मला कबूल करावं लागलं की एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती.

दुपारचं जेवण वरतीच, जमिनीवर पेपर अंथरून. गादीवालीने बटाटा-वाटाण्याचा रस्सा आणला होता, भात, काकडी, आणि कसलीतरी हिरवी चटणी, जिने वेल्डरच्या डोळ्यांतून पाणी काढलं. मला तिच्या हाताचा हेवा वाटतो, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. बाबांनी दोन घास खाऊन छान झालंय म्हटलं, आणखी चार घास खाल्ले, मग ताट सरकवलं. अर्धा भात तसाच. पोट भरलं. खरं सांगायचं तर मला मनातून जरा बरं वाटलं. म्हणजे माझ्याच स्वयंपाकात दोष आहे असं नव्हतं. असला फालतू विचार करत मी दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला.

जेवणानंतर गादीवालीने पट्टा बाबांच्या कमरेला लावून बघितला. तिने तो त्यांच्या जुन्या पँटच्या मापाने शिवला होता. शेवटच्या भोकात अडकवूनही आत मूठ जाईल एवढा सैल राहिला. ती माझ्याकडे बघून म्हणाली की माप चुकायचं कारण नाही. मी म्हटलं, तुझी टेप ताणलेली असेल, बदलून टाक आता. तिने पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं. बाबा तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होते.

मग परीक्षा सुरू झाली. दोर तुटला तर काय, हा बाबांचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. दोर सैल पडताच खुर्चीच्या दोन्ही बाजूंचे दातेरी तुकडे फिरून रुळांना चावतात, अशी सोय मी केली होती. बाबा म्हणाले, दाखव. आम्ही खुर्चीवर वाळूची पोती बांधली, ती सुंभाच्या तात्पुरत्या दोराला लटकवली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि क्रेनवाल्याने सुरा चालवला. दोर ताडकन तुटला. खुर्ची दोन बोटं खाली आली आणि रुळांना घट्ट धरून उभी राहिली. गोदामातली दोन माणसं आवाज ऐकून बाहेर आली.

"चालेल," बाबा म्हणाले.

वेल्डरने माझ्या पाठीत एवढ्या जोराने थाप मारली की मीच दोन बोटं पुढे गेले.

आता खरा दोर बसवला, पेटीत पट्ट्या भरल्या. बाबांच्या धंद्यात एक नियम होता. ज्याने बनवली त्याने आधी बसायचं. मी चौसष्ट किलोची. बहात्तर व्हायला चार पट्ट्या कमी, त्या मी मांडीवर घेतल्या, पट्टा बांधला आणि हँडल ओढलं. दोराला नुसता हात लावला आणि मी खाली जायला लागले. कुठे खडखड नाही, झटका नाही. गोदामाची खिडकी वर गेली, भिंतीवरचा ओलीचा डाग वर गेला, आणि टायरवर अलगद टेकले. तशीच वर आले. वर पोहोचेपर्यंत माझा चेहरा असा झाला होता की गादीवाली म्हणाली, हिच्या गळ्यात आता कुणी हार घाला रे. घातला असता तर मी नाही म्हटलं नसतं.

पाच वाजले होते. बाबांनी आत जाऊन शर्ट बदलला. केस विंचरले. वॉकर धरत गॅलरीत आले, खुर्चीत बसले, पट्टा नव्या भोकात अडकवला. क्रेनवाला खाली पेटीजवळ उभा होता. आम्ही तिघं वर. बाबांनी एका हाताने हँडल ओढून धरलं आणि दुसऱ्याने दोर ओढला.

खुर्ची हलली नाही.

त्यांनी दोराच्या हाताने सगळा जोर लावला. खुर्ची चार बोटं खाली गेली आणि हात सैल होताच पुन्हा वर आली. तिसऱ्यांदाही तेच. खाली क्रेनवाल्याने मूठ वर केली. सगळे थांबले.

माझ्या कानांतून गरम वाफा निघाल्यासारखं झालं. मी रूळ तपासले, चाक तपासलं, दातेरी तुकडे कुठे अडकलेत का ते बघितलं, ब्रेक उघडून बघितला. सगळं जागच्या जागी. वेल्डर हळूच काहीतरी सांगायला लागला, त्याच्यावर ओरडले. दहा मिनिटांपूर्वी ही खुर्ची मला घेऊन लोण्यासारखी उतरली होती. दाराशी ठेवलेली बॅग मला गॅलरीतून दिसत होती. एकदा खाली नेऊन वर आणायचं, एवढीच अट होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत मोडत होती. मी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हटलं, "बाबा, उतरा. माझं चुकलं कुठेतरी. तुम्ही जा काकांकडे. मी बोलणार नाही."

बाबा उतरले नाहीत. हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले. त्यांनी तोंड बंद ठेवलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. काका दुसऱ्या दिवशी आले असते, बॅग गाडीत गेली असती आणि मी जन्मभर त्या चाकात दोष शोधत बसले असते.

"लिफ्टमध्ये काही बिघाड नाही," ते म्हणाले. "चांगल्या लिफ्टला वाईट म्हणू नये. वजन चुकलंय. माझं."

मला कळलं नाही. मी म्हटलं बहात्तर, कागदावर आहे.

"कागद आठ महिन्यांपूर्वीचा आहे." ते माझ्याकडे न बघता वेल्डरकडे बघत होते. "मला तपासायला न्यायचं होतं तेव्हा तू आणि तुझ्या मेहुण्याने खुर्चीत घालून मला जिन्यावरून उतरवलं होतं. त्या वळणावर तुझी पाठ धरली. चार दिवस कामावर गेला नव्हतास. मला सांगितलं नाहीस, पण मला कळलं. त्या दिवसापासून मी निम्मं खातोय. पुढच्या वेळी उचलायला हलका असावा म्हणून. मोटर लहान असली की भार कमी करायचा असतो, मला दुसरं काय येतं?"

वेल्डर, ज्याला प्रत्येक गोष्टीवर बोलायचं असतं, तो गॅलरीच्या कठड्याकडे तोंड करून उभा राहिला.

बाबांनी खाली वाकून क्रेनवाल्याला हाक मारली आणि एक पट्टी काढायला सांगितलं. मग हँडल धरून दोर हलकेच ओढून बघितला. नाही. दुसरी काढ. नाही. क्रेनवाला पेटीतून पट्टी काढायचा, फरशीवर ठेवायचा, वर बघायचा. लोखंडावर लोखंड ठेवल्याचा आवाज होत होता आणि मी मोजत होते. तिसरी. चौथी. पाचव्या पट्टीला मला वाटलं आता पुरे, आता तरी हलावी. सहावी. सातवी काढली आणि खुर्ची अलगद खाली सरकली. बाबांनी दोराला नुसता हात लावला होता.

मी गॅलरीतून खाली बघत राहिले. बाबा उतरत होते, आणि फरशीवर माझ्या ठशाच्या सात पट्ट्या एकावर एक रचलेल्या होत्या. चौदा किलो. मी त्याच घरात राहत होते. रंगाचे ग्रॅम मोजत होते आणि रोज त्यांच्या ताटात उरलेला भात बघून स्वतःच्या स्वयंपाकासाठी रुसत होते. मला इतकी लाज वाटली की मी जिना कसा उतरले तेही आठवत नाही.

खाली पोहोचले तेव्हा बाबा पट्टा सोडून वॉकरवर उभे होते. आठ महिन्यांनी, कुणी उचलून न आणता, जमिनीवर. गोदामातली माणसं आणि समोरचा चहावाला गोळा झाले होते, आणि बाबा त्यांना खालून बोट दाखवत लिफ्ट समजावत होते. वरचं चाक बघा, म्हणत होते. त्याचा आस बघा. एवढ्या मऊ फिरणाऱ्या चाकाखाली मी छत्तीस वर्षांत उभा राहिलो नाही. चहावाल्याने विचारलं की कुठल्या कंपनीची.

"कंपनी कसली," बाबा म्हणाले. "माझ्या मुलीने बनवलीय."

मी तिथेच रडले. लपवलं नाही. क्रेनवाल्याने माझ्यासमोर मूठ धरली, म्हणजे थांब, आणि स्वतःच दुसऱ्या हाताने डोळे पुसत होता.

अट वर येण्याचीही होती. बाबा पुन्हा बसले आणि दोर ओढत वर गेले, कुणाची मदत न घेता. वरून हात हलवला, परत खाली आले. मग काही कारण नसताना आणखी एकदा वर गेले, कारण विचारलं तर चष्मा विसरला म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

संध्याकाळचं जेवण आम्ही खालीच घेतलं, गोदामाच्या मागच्या बाजूला, दोन खोकी जोडून केलेल्या टेबलावर. ठराव मोडून तेही मीच केलं, कारण गादीवालीने डबे धुऊन टाकले होते आणि उजेड होता तोवरच बसायचं होतं. भात तळाला लागला. भाजीत मीठ जास्त झालं. कुणी चेष्टा केली नाही, वेल्डरनेसुद्धा नाही. मी बाबांच्या ताटाकडे बघत होते, आणि मी बघतेय हे त्यांना कळत होतं. त्यांनी सगळं संपवलं. मग रिकामं ताट माझ्यापुढे केलं आणि म्हणाले, "वाढ. आता उचलायची कुणाला काळजी नाही."

मी वाढलं. वेल्डरचं तोंड शेवटी उघडलं. बाबांनी असंच खाल्लं तर चौदा किलो भरायला किती करपलेला भात लागेल याचा त्याने हिशोब मांडला, आणि बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

जेवता जेवताच काकांचा फोन आला. सकाळी किती वाजता निघू, ते विचारत होते. बाबांनी तोंडातला घास गिळला.

"ये ना, पण न्यायला नको, जेवायला ये," ते म्हणाले. "आणि आलास की खालून हाक मार. मी खाली येतो तुला घ्यायला."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे खडू मागितला. घरात खडू नव्हता. गादीवालीच्या पिशवीत कापडावर खुणा करायचा तुकडा होता, तो दिला. लिफ्टच्या चौकटीच्या आतल्या बाजूला त्यांनी हळूहळू लिहिलं, भार एक माणूस, ५८ किलो, आणि खाली सही केली. ती सही मी अनेक वर्षांनी बघत होते. मग पट्ट्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले की त्या वर्कशॉपात परत नेऊ नकोस, पेटीजवळच राहू देत.

त्याला आता सहा महिने झाले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्यांना काट्यावर उभं करते, वॉकरला धरून, आणि आकडा दोनदा वाचते. पेटीजवळ आता चार पट्ट्या उरल्या आहेत. चौकटीवरचा ५८ पुसून तिथे ६४ लिहिलेलं आहे, अक्षर त्यांचंच.